शमीम, आभार कुणी मोजत नाही

शमीम,

तू गेल्याचा कागद महाविद्यालयाच्या फलकावर लागला तेव्हा घाईत कुणीतरी तुझ्या नावातला 'मी' ऱ्हस्व टाइप केला होता. मी पर्समधून पेन काढलं आणि वेलांटी दीर्घ केली. शेजारी उभे असलेले शिपाई म्हणाले, "राहू द्या मॅडम, कळतंय की सगळ्यांना." कळत होतंच. पण तू असतीस तर तिथंच त्यांना थांबवून सांगितलं असतंस, की नावातलं एक अक्षर बदललं की माणसाचे दोन होतात आणि दोघंही अर्धेच राहतात.

हे मला तुझ्यामुळे ठाऊक. लग्नाआधी मी माहेरच्या आडनावानं लिहीत होते, नंतर सासरच्या, मधली काही वर्षं दोन्ही आडनावं लावून, आणि एका संपादकानं तर माझ्या 'सुनीता'चं 'सुनिता' करून टाकलं. मी जगभरच्या याद्यांमध्ये अशी विखुरलेली होते आणि मला त्याचा पत्ताही नव्हता. एका दुपारी ग्रंथालयात तू संगणकाचा पडदा माझ्याकडे वळवलास. "ताई, या चौघीजणी तुम्हीच ना?" मी हो म्हटलं. "मग यांना एका घरात आणायला पाहिजे. एकेकट्या राहिल्यात बिचाऱ्या." त्यानंतर कितीतरी दिवस तू जेवणाच्या सुट्टीत डबा एका बाजूला ठेवून त्या चौघींना जोडत बसलीस. जिल्ह्याचं नाव बदललं तेव्हा तू कपाळावर हात मारून घेतलास. पत्त्यात कुठं अहमदनगर, कुठं अहिल्यानगर, म्हणजे पुन्हा सगळ्यांचे दोन दोन तुकडे!

वार्षिकाच्या संपादकांनी माझ्याकडे तुझा परिचय मागितला होता. जन्म, शिक्षण, सेवा. ते कार्यालयात मिळेल, असं मी त्यांना सांगितलं. मला तुझ्याशीच बोलायचंय. आपलं भांडण अर्धवट राहिलंय.

तशी आपली ओळख जुनी. मी वनस्पतिशास्त्र शिकवणारी, तू पारनेरच्या आपल्या महाविद्यालयाची ग्रंथपाल. वर्षानुवर्षं तू मला पुस्तकं द्यायचीस आणि मी ती उशिरा परत करायचे, एवढंच. मैत्री झाली ती तू पन्नाशीला टेकल्यावर पीएच.डी.ला नाव घातलंस तेव्हा. लेकीचं लग्न झालं होतं. रफिकभाईंचं विहिरीवरच्या मोटारी दुरुस्त करायचं दुकान बरं चाललं होतं. तुला पहिल्यांदाच स्वतःसाठी वेळ मिळाला होता, आणि तो तू घालवलास कशात, तर दुसऱ्यांचं काम मोजण्यात. आपल्या भागातल्या खेड्यापाड्यांतल्या महाविद्यालयांत कोण संशोधन करतं, त्यांनी लिहिलेलं पुढं कोण वापरतं, आणि कोण कुणाबरोबर काम करतं, हा तुझा विषय. सुरुवातीला हात बसावा म्हणून तू मला धरलंस.

मला ते अजिबात आवडलं नव्हतं. आमच्या जगात हल्ली माणसाची ओळख एका आकड्यावर आली आहे, आणि त्या आकड्याचं नाव काढलं की माझं डोकं फिरतं. तू मात्र मला तो इतक्या शांतपणे समजावलास, की जणू मी पहिल्या वर्षाची विद्यार्थिनी.

"समजा ताई, तुमचे पाच लेख असे आहेत की प्रत्येकाचा कमीत कमी पाच जणांनी आपल्या लेखात उल्लेख केलाय. झाला तुमचा एच-इंडेक्स पाच. बाकीचे कितीही लिहिलेले असू द्यात, त्यांना कुणी विचारलं नसेल तर आकडा पाचच."

"आणि बाकीचे वाया?"

"वाया कशाला? त्यांची वेळ आली नाही अजून."

"शमीम, मी गवतावर काम करते. मेंढपाळांसाठी मी मराठीत पुस्तिका लिहिली, मारवेल कुठं वाढवायचं, पवन्या कधी कापायचं, कुसळी माजली की काय करायचं. टाकळीपासून वरपर्यंत लोकांच्या घरात ती आहे. तिचे किती?"

तू पडद्याकडे बघितलंस. तुला उत्तर आधीच माहीत होतं, तरी बघितलंस. "शून्य."

"झालं तर मग!"

"मी शून्य म्हटलं, वाईट म्हटलं नाही."

"पण तक्त्यात शून्यच लिहिणार ना?"

"हो. जे आहे ते लिहिणार."

त्या दिवशी मी चिडून उठून गेले. दुसऱ्या दिवशी तूच प्रयोगशाळेत आलीस, माझ्या वाळत घातलेल्या गवताच्या जुड्या एकीकडे सारून स्टुलावर बसलीस. आणि जे बोललीस ते मी विसरलेले नाही. "ताई, मी काष्टीची. अब्बांचा लिंबाचा धंदा. घरात पहिली शिकलेली मी. इथं नोकरीला लागले तेव्हा मला कुणी विचारलं नाही, की बाई, तुला काय येतं. विचारलं, कुणाची ओळख आहे? परिषदेला कुणाला बोलवायचं, समितीवर कोण, सगळं ओळखीवर. आकडा आडनाव विचारत नाही, ताई. म्हणून मला तो बरा वाटतो. एखादी बाई श्रीगोंद्यात बसून चांगलं काम करत असेल तर ते दिसायचा तेवढाच एक रस्ता आहे."

मी म्हटलं होतं, "आकडा आडनाव विचारत नसेल, भाषा विचारतो." तू त्यावर गप्प बसलीस. मला वाटलं मी जिंकले. आता वाटतं, तेव्हा तू विचार करत होतीस.

मग ते चित्र. तू मोठ्या कागदावर छापून आणलं होतंस आणि वाचनालयाच्या लांब टेबलावर पसरलं होतंस. मधे एक ठिपका म्हणजे मी, भोवती माझ्याबरोबर लिहिलेल्या लोकांचे ठिपके, आणि ठिपक्यांना जोडणाऱ्या रेघा. जितकं काम एकत्र, तितकी रेघ जाड. बाकी रेघा केसासारख्या बारीक होत्या. एकच जाड होती, आणि तिच्या टोकाला भास्करचं नाव होतं.

"वर्षांप्रमाणे लावलं की असं दिसतं," म्हणत तू दुसरा कागद काढलास. त्यावर ती जाड रेघ एका वर्षी एकदम तुटलेली होती. नंतर नुसता एक ठिपका. पुढची सगळी वर्षं मी एकटीच.

"इथं काय झालं, ताई?"

"काही नाही. कामं वाढली."

तू मान डोलावलीस आणि पर्समधून एका लेखाची प्रत काढून माझ्यासमोर ठेवलीस. "आणि हा? तुमच्या स्वतःच्या यादीत हा लेख नाही. मी दुसरीकडून शोधला. ताई, सगळ्यात जास्त उल्लेख याचेच आहेत."

मी तो कागद हातातही घेतला नाही. भास्कर आणि मी पुण्याला एका वर्गात होतो. त्याला अकोले तालुक्यात नोकरी लागली, मला पारनेरला. भंडारदऱ्याच्या डोंगरावर धो धो पाऊस, आमच्या माळावर नावालाच. दोन्हीकडच्या गवतांचं बी चराई बंद केली की कसं रुजतं, हे आम्ही बरीच वर्षं मिळून पाहिलं. तो डोंगरावर दगड रचून चौकोन आखायचा, मी येऊन मोजणी करायचे. त्या सगळ्या कामाचा तो लेख. छापून अंक हातात आला तेव्हा पहिलं नाव होतं त्याच्या महाविद्यालयाच्या तेव्हाच्या प्राचार्यांचं. त्या गृहस्थांनी तो डोंगर खालूनसुद्धा बघितला नव्हता. भास्करनं मला आधी एका शब्दानं विचारलं नव्हतं. मी त्याच्याशी बोलणं सोडलं आणि तो लेख माझ्या यादीतून काढून टाकला.

हे सगळं मी तुला त्या टेबलापाशी उभ्या उभ्या सांगितलं. इतक्या वर्षांत कुणाला सांगितलं नव्हतं. आणि वर म्हणाले, "बघ तुझी मोजणी. माझ्या नावावरचं सगळ्यात मोठं काम, आणि त्याच्या डोक्यावर एक लबाड बसलेला. तुझा आकडा त्याला पण तेवढेच गुण देतो ना?"

"देतो."

"मग हे तुझ्या अभ्यासातून काढ."

"ते जमणार नाही, ताई. खोटं नाव मी पुसू शकत नाही. पण तुमचं खरं काम पण पुसणार नाही."

मी तुझ्याशीही अबोला धरला. तू रोज समोर दिसलीस की "ताई, चहा?" म्हणायचीस, मी मान हलवून पुढं जायचे. मग एक दिवस तू चहाचं विचारलंच नाहीस. म्हणालीस, "रविवारी रफिकची गाडी मोकळी आहे. मला भास्कर सरांची मुलाखत घ्यायची आहे, त्यांनी हो म्हटलंय. तुम्ही येणार असाल तर पुढची सीट तुमची."

मी का आले, हे मला अजूनही नीट सांगता येणार नाही. आळेफाट्याला रफिकभाईंनी गाडी थांबवून आपल्याला भेळ खायला घातली. संगमनेरपर्यंत मी एक शब्द बोलले नाही आणि तू मागच्या सीटवर बसून आरामात खिडकीबाहेर बघत होतीस, जणू आपण कुणाच्या साखरपुड्याला निघालोय. राजूरच्या पुढं रस्ता चढायला लागला, धरणाचं पाणी दिसलं. तू मागून हात घालून माझा खांदा नुसता दाबलास.

भास्कर ओट्यावरच उभा होता. केस पांढरे झालेले, वाकलेला. "ये, सुनीता," एवढंच म्हणाला. वहिनींनी पाणी आणलं. तू तुझे प्रश्न विचारायला लागलीस, कधीपासून लिहिता, कुठं छापलं. तो उत्तरं तुला देत होता आणि बघत माझ्याकडे होता. शेवटी मीच मधे बोलले.

"प्राचार्यांचं नाव कसं आलं, ते सांग तिला."

तो हातातल्या पेल्याकडे बघत राहिला. "माझी नोकरी कायम व्हायची होती. फाईल त्यांच्या टेबलावर पडून होती. एक दिवस बोलावून म्हणाले, तुमचा तो गवताचा लेख जातोय ना, त्याला मी प्रस्तावना लिहून देतो, नाव पुढं टाका. हिची तेव्हा दुसरी खेप होती, दवाखाना चालू होता."

"मला फोन तरी करायचास, भास्कर."

"केला असता तर तू नाही म्हणाली असतीस. आणि मग मला तुझं ऐकावं लागलं असतं."

वहिनी दारात उभ्या होत्या, त्यांनी पदर तोंडाला लावला. मला त्याचा राग यायला हवा होता आणि येत नव्हता, म्हणून मला माझाच राग येत होता. तेव्हा तू, शमीम, घसा साफ केलास आणि अगदी कोरड्या आवाजात विचारलंस, "सर, त्या लेखातला तक्ता कुणी केला? बी रुजण्याचा, तिसऱ्या पानावरचा?"

"तो सुनीताचा आणि माझा. चौकोन मी राखले, आकडे तिनं काढले."

"आणि प्रस्तावना प्राचार्यांची?"

"पूर्ण त्यांची."

"मग ऐका. ज्यांनी ज्यांनी या लेखाचा उल्लेख केलाय, ते सगळे लेख मी मिळवून वाचलेत. नुसते मोजले नाहीत, वाचलेत. काहींनी उगाच नाव टाकलंय. पण ज्यांनी खरंच वापरलाय, त्यांनी एकूण एक जणांनी तो तक्ता वापरलाय. राजस्थानातल्या एकांनी तर त्यावरून कुरणं राखलीत. प्रस्तावनेतलं वाक्य आजपर्यंत एकानंही घेतलेलं नाही."

भास्करनं मान वर केली. मी त्याच्याकडे बघितलं. कोण आधी हसलं मला आठवत नाही, पण आम्ही दोघंही हसत होतो आणि माझ्या डोळ्यांतून पाणी गळत होतं. वहिनींना काही समजेना. "अहो, झालं काय?" तू त्यांना म्हणालीस, "काही नाही वहिनी, जुना हिशेब लागला." आणि तुझ्या मुलाखतीचे पुढचे प्रश्न विचारायला लागलीस!

त्या दुपारी तो आपल्याला डोंगरावर घेऊन गेला. तू साडी खोचून चढत होतीस आणि दर दहा पावलांवर "अल्ला, हे असलं काम करता होय तुम्ही!" म्हणत होतीस. एका उतारावर तो थांबला. दगडांचा चौकोन होता. बाकीच्या चौकोनांत गुरं शिरली होती, दगड कुणी कुणी नेले होते. हा एक त्यानं राखला होता. दर दिवाळीनंतर येऊन तो बघून जायचा, काय उगवलं, काय गेलं. कुणी सांगितलं नव्हतं, कुठं छापायचं नव्हतं. "तू आलीस तर दाखवावं म्हणून," तो म्हणाला. मी गुडघ्यावर बसून ते गवत हातात धरलं. तू थोडी लांब जाऊन पाठ करून उभी राहिलीस. एवढी समज तुला कुठून होती?

परत येताना मी तुझे आभार मानले नाहीत. तू बहुतेक झोपली होतीस, किंवा झोपल्यासारखं करत होतीस.

त्यानंतरचं वर्ष माझ्या नोकरीतलं सगळ्यात सुखाचं. तिघांनी मिळून त्या एका चौकोनावर लिहायचं ठरलं. भास्करची निरीक्षणं, माझं विश्लेषण. त्या डोंगरावर पूर्वी कुठं कुठं चराई होती हे तू जुन्या कागदपत्रांतून, नकाशांतून हुडकून काढलंस, आणि तो सगळा भाग स्वतः लिहिलास. पहिला मसुदा इतका गोड होता की मी म्हटलं, शमीम, हे शास्त्रीय मासिक आहे. तू म्हणालीस, मग शास्त्रीय मासिकानं थोडं गोड खावं. व्हॉट्सअ‍ॅपवर आपण तिघं रोज वाद घालायचो. तू मधेच फोटो टाकायचीस, खिम्याच्या सामोशांचा, काष्टीच्या बाजारातल्या बोरांचा. भास्कर लिहायचा, "विषयाला धरून बोला." तू लिहायचीस, "सर, बोर पण वनस्पतीच आहे."

आणि आपलं भांडण चालूच. तुझ्या प्रबंधात एक प्रकरण तू लिहीत होतीस आणि खोडत होतीस. माझ्या पुस्तिकेचं. तुझ्या सगळ्या पद्धतींत ती शून्य होती, आणि तू टाकळीच्या पुढच्या वाड्यांवर जाऊन आली होतीस. तिथं बायकांनी तुला त्यातली वाक्यं तोंडपाठ म्हणून दाखवली होती. मी म्हणायचे, मग बदल ना तुझी पद्धत. तू म्हणायचीस, आज तुमच्यासाठी बदलली तर उद्या प्रत्येक जण येऊन सांगेल की माझं काम लोकांच्या तोंडात आहे. कसं पारखायचं? मी म्हणायचे, जाऊन बघायचं, तू गेलीस तसं. तू म्हणायचीस, सगळीकडे कोण जाणार, ताई? दोघींचंही खरं होतं आणि दोघीही मागं हटत नव्हतो.

बहिणीकडे काष्टीला निघालीस त्या दिवशी एसटीतून तुझा फोन आला. मागं कंडक्टरचा आवाज, टिकिट टिकिट. "ताई, तुमचं म्हणणं मला अजून पटलेलं नाही. पण माझ्याकडे पण उत्तर नाही. काल परत सगळं प्रकरण खोडलं. परवा आले की बसू दोघी. थोडं पित्त झालंय, तिकडं जरा आराम करते." मी म्हटलं, "आराम कर, वाद कुठं पळून जात नाही."

बातमी रफिकभाईंनी दिली. "ताई, शमीम गेली वो," एवढं बोलून त्यांनी फोन दुसऱ्याच्या हातात दिला. काष्टीला पोचले तर घरात बायका दाटीनं बसलेल्या. तुझी थोरली बहीण माझा हात धरून पुन्हा पुन्हा तेच सांगत होती. "सकाळी चहा घेतला, बोलली, हासली. म्हनली, आपा, जरा पडते. मी भाकरी टाकून उठवाया गेले, तर न्हाई. काईच न्हाई." डॉक्टर म्हणाले, हृदय. पित्त नव्हतं ते. तुला नेलं तेव्हा आम्ही बायका घरातच राहिलो. गल्ली ओलांडून माणसांचे आवाज लांब लांब गेले. तुझ्या आपानं माझ्या पाठीवर हात ठेवला. मी तिचं सांत्वन करायला गेले होते.

आता तुला ते सांगते जे तुला सगळ्यात जास्त ऐकायचं असेल. आपला लेख मासिकानं घेतला. तू गेल्यानंतर काही आठवड्यांनी कळवलं त्यांनी. मी भास्करला फोन केला. तो म्हणाला, "तिचं नाव पहिलं टाकू."

"नाही."

"सुनीता, तिच्यामुळे झालं सगळं. तू माझ्या ओट्यावर तिच्यामुळे आलीस."

"मला माहीत आहे. पण पहिलं नाव काम ज्याचं त्याचं. तिचं काम तिसऱ्या जागेचं आहे आणि ते अस्सल आहे. न केलेल्या कामाचं नाव तिच्या माथी मारलं तर ती मला क्षमा करणार नाही. आणि ओट्यावर आणलं त्यासाठी आभारात लिहू."

"आभार?" त्याचा आवाज चढला. "आभार कोण मोजतं, सुनीता? सांग ना. तिच्या त्या सगळ्या पद्धतींमध्ये आभार कुठं मोजतात?"

"कुठंच नाही."

"मग?"

बराच वेळ आम्ही दोघं फोन कानाला लावून रडत होतो, साठीकडे झुकलेली दोन माणसं. शेवटी त्यानंच नाक शिंकरलं आणि म्हणाला, "तिसरं. बरोबर आहे तुझं. तिसरं."

तर तू तिसरी आहेस, शमीम. पहिला भास्कर, कारण तो चौकोन राखणं हेच मूळ काम. दुसरी मी. तुझ्या नावापुढं छोटी खूण आहे आणि पानाच्या तळाशी लिहिलंय, की या लेखिका आता हयात नाहीत. आभार ठेवले नाहीत. ज्याचं नाव लेखात आहे त्याचे आभार मानत नाहीत, हा नियम तूच शिकवला होतास. म्हणून ते इथं मानते. तू मला माझं काम परत दिलंस आणि माझा मित्र परत दिलास. हे मी तुला गाडीत बोलले नाही, फोनवर बोलले नाही, काष्टीच्या घरात बोलले नाही.

तुझा प्रबंध अपुराच राहणार. तुझ्या मार्गदर्शकांना मी भेटले, त्यांचे डोळे भरून आले, पण अपुऱ्या प्रबंधाला पदवी नसते. त्याला कुणाचा इलाज नाही. ते एक प्रकरण कुणीतरी लिहायला हवं असं ते म्हणाले. मी लिहू शकणार नाही. मी लिहिलं तर माझीच बाजू येईल, आणि तुझ्या बाजूशिवाय माझ्या बाजूला काही अर्थ नाही, हे मला आता कळतंय.

अंक छापून आला तेव्हा भास्कर मुद्दाम पारनेरला आला, पहिल्यांदाच. आम्ही दोघं तुझ्या घरी गेलो. रफिकभाई दुकान बंद करून वाट बघत होते. त्यांनी अंक दोन्ही हातांत धरला, चष्मा चढवला, इंग्रजी अक्षरं एकेक लावत तुझं नाव वाचलं. वेलांटी मी आधीच तपासली होती, इंग्रजीत 'आय'च्या जागी दोन 'ई' आहेत ना, ते.

"आता हे कोन कोन वाचनार?" त्यांनी विचारलं.

मला खोटं बोलावंसं वाटलं नाही. "माहीत नाही, रफिकभाई. कदाचित फार कुणी वाचणार नाही."

ते हसले. "असू द्या. तुमच्या डोंगरावरून आली त्या दिवशी लई खूश हुती ती. घरी आल्यावर मला म्हनली, आज माझ्या चित्रात एक रेघ वाढली. मला काय समजलं न्हाई. म्या म्हनलं, व्हय का, बरं झालं."

भास्कर उठून अंगणात गेला.

संध्याकाळी मी त्याला स्टँडवर सोडायला गेले. गाडीत चढताना वळून म्हणाला, "दिवाळीनंतर येशील ना? उरलेल्या चौकोनांचे दगड पुन्हा रचून घेतो." मी म्हटलं, येईन. गाडी वळली. मी पर्समधून मोबाईल काढला आणि चालता चालता नंबर लावला. भास्कर काय म्हणाला ते लगेच सांगायचं होतं. दोनदा रिंग वाजल्यावर माझ्या लक्षात आलं की मी कुणाला लावलाय.

पलीकडून रफिकभाईंनी उचलला. "बोला, ताई."

"रफिकभाई, चुकून लागला. सवयीनं. ठेवते मी."

"ठिवू नका लगेच," ते म्हणाले. "तिचा फोन लई दिसांनी वाजला."

मी फोन कानाला तसाच धरला. त्यांच्याकडून दुकानाचं शटर पुन्हा उघडल्याचा आवाज आला, माझ्याकडून स्टँडवरचा भोंगा गेला असेल. पुष्कळ वेळानं ते म्हणाले, "हं," आणि मीही म्हटलं, "हं."